लाखांदूरची लाल गाडी आणायला गेलो तेव्हा

"घेऊन जा तुह्या नागपूरले, नाही तं भंगारात टाकतो," आमच्याकडे जेवायला आलेला मामा म्हणाला, आणि माझा घास हातातच राहिला. कॉलेजपासून मामाच्या ज्या गाडीची स्वप्नं पाहिली ती फुकटात मिळत होती. बायकोनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी मी मामासोबत एस.टी.त बसलो.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भंडारा, कारधा, लाखनी, साकोली, मग उजवीकडे वळून सानगडी आणि शेवटी लाखांदूर. जायचं असेल तर साकोलीला उतरून आलूबोंडा तर्रीसोबत खाऊन घ्या, पुढे नीट हॉटेल लागत नव्हतं. थंडी ओसरल्यावर जा, धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, मोकळ्या असतात, तलाव भरलेले असतात आणि अंग धुळीनं माखतं.

गाडी मामाच्या अंगणात ताडपत्रीखाली होती. लाल, दोन सीटांची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून मामानं ती घेतली, तेव्हा तालुक्यातला प्रत्येक नवरदेव आधी मामाकडे यायचा, गाडी मिळते का विचारायचा आणि मगच तारीख ठरवायचा. मग एका वरातीत घोळ झाला. आमच्याकडे लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीचं पीक, कापली की शेतकरी डांबरी रस्त्यावर पसरतात, ट्रक, एस.टी. वरून गेल्या की दाणे मोकळे होतात. इतर गाड्यांना काही होत नाही, पण हिचं पोट जमिनीपासून वीतभर. वाळल्या काड्या सायलेन्सरला गुंडाळल्या, धूर निघाला आणि नवरदेवानं बाशिंगासकट बांधीत उडी मारली. लग्न लागलं, पण त्याच साली त्याच्या सासऱ्याचा बैल मेला. झालं! गाडी पनवती ठरली. पुढे कुणी शुभकार्याला निघालं की तिच्याकडे पाठ करायचं.

"तुले भेव नाही वाटत?" मामानं किल्ली देताना विचारलं.

"मला पेट्रोलच्या खर्चाची भीती वाटते," मी म्हणालो.

सकाळी निघालो. इंजिन असं गुरगुरलं की मी खरंच हसत सुटलो. सानगडीच्या स्टँडवर मात्र माणसं जमली होती. दिवस भरलेली एक पोरगी बाकावर वाकून कळा सोसत होती, सासू तिची पाठ चोळत होती. डॉक्टरनं भंडाऱ्याला न्यायला सांगितलं होतं. एस.टी. निघून गेलेली, जीप कुणाची मिळेना.

मी दार उघडलं. सासूनं गाडी पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

"हे तं लाखांदूरची पनवती होय. माही सून नाही बसनार याच्यात."

"आई, काहून थांबवता? मले बसू द्या," पोरगी म्हणाली आणि नवऱ्याचा हात धरून स्वतःच सीटवर टेकली. आता सासूला काय करता येणार? ती मागच्या दुमडलेल्या टपावर चढून बसली, पाय आमच्या दोघांच्या मधे. नवरा पुढच्या एस.टी.नं येणार होता.

गावाबाहेर पडलो आणि मी ब्रेक दाबला. समोर रस्ताभर लाखोळी. दोन्हीकडे खोल बांध्या, बाजूनं गाडी काढायलाही जागा नाही. ह्यावर गेलो तर धूर, न गेलो तर ही पोरगी इथेच. तिनं माझी बाही घट्ट पकडली होती. मी भ्यालो होतो, सरळ सांगतो.

तेवढ्यात म्हातारी खाली उतरली.

"बाबू, थांब इथं." आणि शेतातल्या माणसांवर ओरडली, "सरकवा लवकर! माह्या सुनेची वेळ येऊन राहिली!"

"बाई, आताच पसरवलं न," एक जण कुरकुरला.

"मंग पुन्हा पसरव. तुह्या लाखोळीले काय कळा येऊन राहिल्या?"

काठ्या, दाताळी, हात, जे मिळेल त्यानं त्यांनी गाडीपुरता रस्ता मोकळा केला. पुढच्या ढिगाशीही म्हातारी तशीच उतरली. साकोलीचा डांबरी हमरस्ता लागला तेव्हा मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. कारध्याचा पूल ओलांडताना वैनगंगेकडे पाहण्याचंही सुचलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. दुपारी नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती, दोघी ठीक होत्या. म्हातारी रडली, मग मीही रडलो. नावही माहीत नसलेल्या माणसांसाठी एवढं हलकं वाटू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मी किल्ली काढली तशी ती म्हणाली, "कुठं चालला? सुनेले न नातीले घरी काय एस.टी.नं नेऊ? गाडी पाहिजे मले."

मग काय, भंडाऱ्यातच मुक्काम टाकला. बाळ-बाळंतिणीला घेऊन सानगडीत शिरलो तेव्हा बायका ओवाळायला आल्या होत्या. एकीनं गाडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं, दुसरीनं मला बाजूला घेऊन आपल्या सुनेचा कितवा महिना ते सांगितलं. बातमी ऐकून मामा लाखांदूरहून सायकल मारत आला, गर्दी पाहिली आणि किल्लीसाठी माझ्याकडे हात पुढे केला. मी किल्ली दिली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं.

नागपूरला एस.टी.नं उतरलो. बायको फाटकात उभी, माझ्या मागे पाहत.

"गाडी कुठाय?"

"बाळंतपणाला गेलीय," मी म्हणालो.