जर्मनीचं घड्याळ

४ डिसेंबर. माळा आवरताना जुनं भिंतीवरचं घड्याळ हाती आलं आणि त्याच्या धुळकट वासाने भोसरीतली ती दुपार आठवली.

नवऱ्याला कंपनीने ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवलं होतं. तिकिटावर लिहिलं होतं, मुंबईहून सकाळी दहा, फ्रँकफर्टला दुपारी अडीच. सासऱ्यांनी हिशेब केला. "साडेचार तास! एसटीला लातूर गाठायलाबी आठ लागत्यात."

"मामा, ते तिथले अडीच. आपल्याकडे तेव्हा सात वाजतील," हे मी तीनदा सांगितलं.

अडीच वाजून गेले तरी फोन आला नाही. "येळ म्हंजी येळ! इमानाला काय तरी झालंय," म्हणत ते जेवण सोडून फोनपाशी बसले. मी चारदा आमटी गरम केली. डोकं उठलं नुसतं.

सात वाजून गेल्यावर फोन आला. "मधी कुठं उतरला व्हतास रं?" ते मुलावरच ओरडले. फोन ठेवल्यावर मात्र ते मुकाट जेवायला बसले.

तेव्हा मला तो निव्वळ हट्ट वाटला. आता मुलगी विमानात असली की माझीही नजर मोबाइलवरून हलत नाही, आणि त्याचाच जास्त वैताग येतो.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे घड्याळ आणलं, जर्मनीच्या वेळेला लावलं आणि त्यांच्या खाटेसमोर टांगलं. "मागं पडलंय," म्हणत त्यांनी काटे पुढे केले. मी ते पुन्हा मागे केले.