रेवदंड्याला शनिवारी जाऊ नये

रेवदंड्याला जायचं शांतेने ठरवलं आणि मी हो म्हटलं. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

शांता आणि मी गिरगावातल्या एका मुलींच्या शाळेत शिकवतो. राहेलही तिथेच शिकवायची. आठ वर्षं दर रविवारी चार वाजता आम्ही तिघी राहेलच्या भायखळ्याच्या खोलीवर जमायचो. शांता प्रभूंची, त्यांच्यात अंडं चालतं, त्यामुळे केक तिच्याकडे. खाली वाळू, वर झाकणावर निखारे, असा ती पातेल्यात केक भाजते. आमच्या घरात अंडं येत नाही, म्हणून माझ्याकडे फक्त खायचं काम. कॉफी राहेलची, जायफळ घातलेली. नियम एकच होता, कॉफीचा पहिला घोट पोटात जाईपर्यंत शाळेचा विषय काढायचा नाही.

गेल्या जूनमध्ये आमच्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या. राहेल मला पाच वर्षांनी वरिष्ठ. शिकवण्यात तर माझ्यासारख्या दोघींना भारी. शाळेच्या कमिटीने एका गुरुवारी बोलावून ती जागा मला देऊ केली आणि मी उभ्याउभ्या हो म्हटलं. रविवारी नेहमीसारखी राहेलकडे गेले, केक खाल्ला, पावसाच्या गप्पा मारल्या आणि घरी आले. सोमवारी तिने ते फळ्यावरच्या नोटिशीत वाचलं. दिवाळीपर्यंत तिने वर्ग नीट पुरा केला, मग आईची तब्येत बरी नसते असं लिहून राजीनामा दिला आणि रेवदंड्याला निघून गेली. मी तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर आलं नाही. नाताळच्या सुट्टीत शांता म्हणाली, तुझं तू जाऊन निस्तर, मी केक घेऊन बरोबर येते.

आता प्रवासाचं. भाऊच्या धक्क्यावरून सकाळची रेवसची बोट धरावी. डेकचं तिकीट पुरतं. वरच्या वर्गात तेच ऊन लागतं, फक्त खुर्चीत बसून. बोट निघाल्यावर अर्ध्या तासात शांतेला मळमळायला लागलं आणि केकचा डबा माझ्या मांडीवर आला. रेवसला ओहोटी असली तर बोट धक्क्याला लागत नाही, होडक्यात उतरावं लागतं. आम्हाला ओहोटीच होती. तो डबा घेऊन मी होडक्यात उतरायला लागले ते पाहून एका खलाशाने आत काय आहे विचारलं. केक म्हटल्यावर तो म्हणाला, मग बाईंना आधी नेऊ की डब्याला? शांतेने डब्याला म्हणून सांगितलं.

रेवस ते अलिबाग सर्व्हिस मोटार आहे. माणसं भरल्याशिवाय ती सुटत नाही, आणि भरली हे कधी समजायचं ते ड्रायव्हर ठरवतो. पुढे अलिबागहून टांगा. नागाव, चौल, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, सावली इतकी की छत्री उघडावी लागत नाही. रस्ता मात्र असा की पोटात काही असेल तर हलून निघतं. भाडं आधी ठरवून घ्यावं.

टांगेवाल्याने कुणाकडे जायचं विचारलं. मी राहेलच्या घराचं नाव सांगितलं.

"म्हंजे शनवार तेल्यांकडं," तो म्हणाला. "आज?"

"आज," मी म्हटलं.

"बरं, जा," असं म्हणून त्याने घोड्याला हाक दिली. पुढे बराच वेळ तो एकटाच हसत होता. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू लोक, इथे पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवतात आणि शनिवारी तो बंद ठेवतात, म्हणून त्यांना हे नाव. मला ते राहेलनेच कधीतरी सांगितलं होतं. दोन पदवीधर बायकांना टांग्यात बसून याचा अर्थ लावता आला नाही.

राहेल पडवीत बसली होती. आम्हाला बघून ती उठली, शांतेला मिठी मारली, आणि मला "ये" म्हणाली. एवढंच. तिची आई आतून आली. नऊवारी नेसलेली, ठणठणीत बाई. तब्येत बरी नसल्याचं एकही लक्षण दिसेना. शांतेने डबा पुढे केला आणि म्हणाली, आई, आता राहेलच्या हातची कॉफी होऊन जाऊ दे.

"आज शब्बाथ आहे, पोरी," आई म्हणाली. "चूल पेटायची नाही. तीन चांदण्या दिसल्या की मग कॉफी."

तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

शांता म्हणाली, आम्ही पेटवली तर चालेल का? आई म्हणाली, तुमच्या घरी जाऊन पेटवा. मी राहेलकडे बघितलं. मुंबईत ही बाई दर शनिवारी सकाळी शाळेत येऊन फळ्यावर भूमिती काढायची. विहिरीवर पाय धुताना ती हळूच आमच्या कानाशी आली आणि म्हणाली, ते आईला माहीत नाही, कृपा करून बोलू नका. शांता म्हणाली, न बोलायचं काय देशील? राहेल हसली. माझ्याकडे बघून नाही.

जेवायला कालचा भात, कालचं नारळाच्या दुधातलं माशांचं कालवण, आणि माझ्यासाठी दहीपोहे. रेवदंड्यात शहाळी सोडू नयेत, मुंबईत अशी मिळत नाहीत. कॉफीची सवय असलेल्याने मात्र शहाळ्यावर भिस्त ठेवू नये. दोनपर्यंत माझं कपाळ ठणकायला लागलं. कॉफी नाही म्हणजे शाळेचा विषय नाही, आणि मी तर त्याच एका विषयासाठी आले होते.

चार वाजता आम्ही किल्ल्यातून समुद्रावर गेलो. तट बघण्यासारखा आहे, आणि पलीकडे खाडीच्या तोंडाशी कोर्लईचा डोंगर. हे सगळं मी नंतर आठवून लिहिते आहे. त्या वेळी मी काही बघत नव्हते. शांता सुरूच्या सावलीत पदर तोंडावर घेऊन झोपली, निदान झोपल्यासारखं तिने केलं. राहेल आणि मी वाळूवर बसलो. चांदण्यांना अजून अडीच तास होते आणि माझ्याने थांबवेना.

"राहेल, गुरुवारी त्यांनी विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं," मी म्हणाले. "तुझं नावसुद्धा घेतलं नाही. आणि रविवारी तुझ्याकडे बसून केक खाल्ला."

"दोन तुकडे," राहेल म्हणाली.

"दोन."

"जागा कमिटीने दिली, यमे. त्याचं वाईट वाटलं, पण ते कमिटीचं. तू दुसरा तुकडा घेताना माझ्याकडे बघून छान झालाय म्हणालीस. तेव्हा तुला ठाऊक होतं. ते माझ्या मनातून अजून जात नाही."

मी म्हटलं, मला भीती वाटली. तुला सांगितलं तर तू मला कॉफी द्यायची बंद करशील असं वाटलं.

"केली असती," ती म्हणाली. "एक-दोन रविवार. मग दिली असती परत."

मी रडले. चारचौघांत रडणाऱ्या बायका मला आवडत नाहीत, पण किनाऱ्यावर चारचौघं नव्हती. राहेलने मला समजावलं नाही की पाठीवर हातही ठेवला नाही. थोड्या वेळाने मी विचारलं, परत येशील का. ती नाही म्हणाली. तिच्या पडवीत गावातल्या अकरा मुली शिकायला येतात. त्या अकराजणींना कमिटी नाही, असं ती म्हणाली.

साडेसहाला आई अंगणात मान वर करून उभी राहिली. तिसरी चांदणी शांतेने शोधली, सर्वांच्या आधी. चूल पेटली, जायफळाचा वास आला. शांतेने केक कापला. अलिबागच्या रस्त्याने त्याचा अर्धा चुरा केला होता, तो चमच्याने वाढला. राहेल तबक घेऊन आली. एक कप आईला, एक शांतेला, एक स्वतःला. तबक रिकामं झालं.

आई म्हणाली, अगं, हिचा कप? राहेल म्हणाली, हिला चालत नाही सध्या.

शांता माझ्याकडे बघायला लागली. मी केक खाल्ला, एकच तुकडा, आणि कॉफीचा वास घेत बसले. इतकं हलकं मला सहा महिन्यांत वाटलं नव्हतं. सकाळी, म्हणजे रविवारी, पुन्हा कॉफी झाली आणि पुन्हा मला मिळाली नाही. टांग्यात बसताना आईने पोफळीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या रुंद बुडात, बांधून केळी दिली. राहेल फाटकापर्यंत आली आणि शांतेला म्हणाली, सांभाळून जा.

परतीची बोट भरतीला होती, सुखाची झाली. मुंबईत आल्यापासून मी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसते तेव्हा ती मला थोडी मोठी होते. ते तसंच राहील, आणि राहावं. कमिटीने बोलावलं की काय झालं ते मी त्याच दिवशी रेवदंड्याला कार्ड टाकून कळवते. उत्तर येत नाही, पण आता त्याने झोप उडत नाही. प्रवासातून काय मिळालं असं कुणी विचारलं तर मला एवढंच सांगता येईल.

पुढच्या रविवारी शांतेने तिच्या घरी केक केला आणि माझ्यापुढे कॉफीचा कप ठेवला. मी नको म्हटलं. ती चिडली, म्हणाली, इथे कोण बघतंय? मी म्हटलं, हा दुसरा रविवार आहे. तिसऱ्या रविवारी मी काय करावं ते मला कळेना, म्हणून गेलेच नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी शांता मधल्या सुट्टीत एक कार्ड घेऊन माझ्या खोलीत आली. पत्ता तिचा, अक्षर राहेलचं. मजकूर एवढाच: "यमीला कॉफी द्यायला आता हरकत नाही."

कार्ड शांतेच्या नावाचं होतं. मी ते तिला परत दिलं नाही.