भुऱ्याचे अवगुण

गोरवा वस्तीच्या पुढे भटक्या कुत्र्यांचा एक निवारा आहे. दर रविवारी मी तिथे मदतीला जाते, आणि दर रविवारी कुत्री सांभाळणाऱ्या गुजराती काकांशी माझं वाजतं. तिथल्या भुऱ्या कुत्र्याला घरी न्यायला मी हातापाया पडून माणसं आणायची आणि यांनी ती दहा मिनिटांत पळवून लावायची.

कोणी आलं की काका आधी चहा मागवतात. मग बशीत फुंकर घालत सावकाश सुरू होतात, "जुओ, बघा, हेल्मेट दिसलं की हा अंगावर जातो. खाताना भांड्याला हात लावायचा नाही. एकटा ठेवला तर दार कुरतडतो." चहा संपेपर्यंत पाहुण्यांना घरचं काहीतरी काम आठवतं.

गेल्या रविवारी सयाजीगंजचं एक जोडपं आणलं. "काका, आज फक्त चहा पाजा," मी हात जोडून सांगितलं. काका खरंच एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी नुसती शर्टाची बाही वर केली आणि दातांच्या खुणा दाखवल्या. जोडपं अर्धा चहा टाकून उठलं.

"तुम्हाला तो जायलाच नको आहे," मी चिडून म्हटलं.

कप विसळत ते म्हणाले, "दोनदा गेला होता, ताई. दोन्ही वेळा मी गोड बोललो होतो. दोन्ही वेळा लोक त्याला परत आणून इथल्या फाटकाला बांधून निघून गेले."

माझा राग काही गेला नाही. आज आणखी एका कुटुंबाला घेऊन रिक्षाने निघाले. पहिल्याच सिग्नलला मी म्हणाले, "एक सांगून ठेवते. हेल्मेट दिसलं की तो अंगावर जातो."