पोत्याखालची खडी

"मॅडम, माझे हात असे उलटेसुलटे करून काय बघताय? काय दडवलंय मी त्यात? नुसत्या भेगा आहेत. त्यात सिमेंट भरलंय ते मेल्यावरच निघेल."

"मामा, चेष्टा नको. तुमचेच क्यूब पास होतात आणि बाकी सगळ्यांचे फुटतात. का, एवढंच सांगा."

"ते ठाऊक असतं तर तुमच्या खुर्चीत मी नसतो बसलो?"

मॅडमना हसू आलं, पण ओठांपर्यंत येऊन माघारी गेलं.

मामा म्हणजे त्या प्रयोगशाळेत काँक्रीट कालवणारा माणूस. आधी गवंडीकाम केलं, मग बावीस वर्षं इथल्या शेडमध्ये काढली. लहानथोर सगळे मामाच म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. माणूस बोलायला फटकळ, पण कामाला पक्का. साच्यात माल भरायचा, ठोकायचा, घट्ट झालेला ठोकळा म्हणजे क्यूब काढून दाबाच्या यंत्राखाली ठेवायचा, काटा जिथं थांबेल तो आकडा वहीत लिहून खाली सही करायची. सही वेडीवाकडी होती, पण आकडा कधी वाकडा नव्हता. मामाची सारी इस्टेट म्हणजे ती वही.

मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख. गेली चार वर्षं त्यांनी एका नव्या मालाचा ध्यास घेतला होता. लष्कराच्या धावपट्टीला बॉम्बनं खड्डा पडला किंवा एखाद्या गावाचा पूल खचला, तर हा माल भरायचा आणि दोन तासांत वरून गाडी जायला पाहिजे. मग तो रणगाडा असो की दुधाची गाडी. त्यासाठी यंत्राचा काटा विसाच्या पुढं जायला हवा होता. मामाच्या हातचे क्यूब पंचविसाच्या खाली यायचे नाहीत. तोच कागद, तीच वजनं, तसलीच खडी दुसऱ्या ढिगातून घेऊन नव्या इंजिनिअरनं केले, की बारा नाहीतर तेरा. चष्मा पुसून पुसून बिचाऱ्याची काच झिजली.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "बुधवारी लष्कराचे साहेब येतायत. त्यांच्यासमोर मामाच कालवतील."

आदल्या दिवशीपासून झाडलोट करून बुधवारी शेड अशी चकाचक केली होती की मामाला आपलीच जागा ओळखू येईना. साहेब तिघं आले, हात पाठीमागं बांधून उभे राहिले. मामानं खडी मोजली, सिमेंट मोजलं, पाणी ओतलं. माल फिरायला लागला आणि मामाच्या कपाळाला आठी पडली. माल हाताला ओळखीचा लागेना. एरवी लोण्यासारखा सरकायचा, आज साच्यात जायच्या आधीच आखडत होता. तरी मामानं ठोकून ठोकून भरला. दोन तासांनी साचे खोलले, तर क्यूबच्या अंगावर देवीच्या व्रणासारखी भोकं. यंत्राखाली ठेवला. काटा अकरावर गेला आणि क्यूब फुटला.

दुसरा ठेवला. तोही अकरा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. साहेब निघायला वळले. नवा इंजिनिअर मात्र हळूच म्हणाला, "मग आधीचे आकडे कुठून आले?"

त्यानं वाईट मनानं विचारलं नव्हतं. पण मामाला ते पाचर मारल्यासारखं बसलं. मॅडमनी वही मागवून घेतली आणि कपाटात ठेवली. "शुक्रवारपर्यंत साहेबांना उत्तर द्यायचंय, मामा. मला काहीतरी सांगा."

काय सांगणार? हात तेच, थापी तीच, मिक्सर तोच. डोक्यात नुसता चिखल झाला होता. घरी येऊन मामा चहासमोर बसून राहिला. साय धरली तरी कपाला हात लावला नाही.

"कुणी मेलं का?" बायकोनं विचारलं.

"माझी सही मेली."

"सही मरायला काय झालं?"

मामानं सगळं सांगितलं. बायकोनं निम्मं ऐकलं. तिला तिचंच पडलं होतं. "एवढी झाडलोट केली म्हणता, मग माझं बटाट्याचं पोतं तरी सापडलं का? वर्ष झालं मागतेय. दोन दिवसांसाठी म्हणून नेलं होतं तुम्ही."

"ते खडीवर असतं. रोज जाताना मी ओलं करून खडीवर—"

मामा तिथंच थांबला. काल जाताना पोतं भिजवलं होतं का? कुठलं! काल खडीचा ढीग उघडा होता. झाडूवाल्यानं कचरा म्हणून पोतं उचललं असणार. मूळचा गवंडी, बावीस वर्षं रोज जाताना हात आपोआप पोत्याकडं जायचा. खडी तापू नये, तहानलेली राहू नये, एवढंच कारण. त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटून कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कागदावर कुठून येणार?

"काय झालं?" बायको म्हणाली. "फेकलं ना? वाटलंच मला."

दुसऱ्या दिवशी मामानं भंगाराच्या ढिगातून पोतं उपसून काढलं आणि मॅडमच्या टेबलावरच नेऊन टाकलं. "हा घ्या चोर. रोज जाताना ओलं करून खडीवर घालतो, परवा राहिलं."

मॅडमनी त्याच दुपारी निम्मी खडी पोत्याखाली भिजत ठेवली, निम्मी उघडी. शुक्रवारी सकाळी दोन्हींचा माल मामानंच कालवला. पोत्याखालच्या खडीचे क्यूब सव्वीसवर गेले. उघडीचे बारा.

"कोरडी खडी मालातलंच पाणी पिते," मॅडम म्हणाल्या. "माल आखडतो आणि आत पोकळ्या राहतात. मामा, तुमचा एकूण एक आकडा खरा आहे." त्यांनी कपाटातली वही काढून मामाच्या हातात दिली. नव्या इंजिनिअरनं मान खाली घालून मामाला स्टूल पुढं केलं.

मामाची छाती फुगायला लागली होती, तेवढ्यात मॅडम स्वतःच त्या स्टुलावर बसल्या. चेहरा पडलेला.

"आता काय?"

"मामा, बॉम्ब काय आदल्या दिवशी सांगून पडतो? पूल काय निरोप धाडून खचतो? खड्डा पडल्यावर तो सैनिक रात्रभर खडी भिजवत बसेल का?"

मामानं वही उघडली आणि मिटली. मग म्हणाला, "म्हणजे मी खरा."

"तुम्ही खरे."

"आणि माल खोटा."

"कोरड्या खडीला खोटा."

"मग आपण जिंकलो का हरलो?"

"मलाच कळेना," म्हणत मॅडमनी फोन उचलला. साहेबांना स्पष्ट सांगितलं, माल तयार नाही. पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत होतं. मॅडम नुसतं "हो" म्हणत होत्या.

मामा वही हातात धरून उभा. आनंद करावा की दुखवटा पाळावा, काही समजेना. सही जिवंत झाली, पण ती ज्या मालाखाली होती तो आडवा पडला. आणि पाडला कुणी, तर बटाट्याच्या पोत्यानं.

मॅडमनी फोन ठेवला, नाक पुसलं. "मामा, कोरडी खडी. पाणी थोडं वाढवून बघू."

"किती?"

"तुम्हीच सांगा. हात तुमचा."

मामानं पोतं झटकलं, घडी घालून डब्याच्या पिशवीत कोंबलं. निदान एका बाईची तरी तक्रार मिटेल. मग ढिगापाशी गेला. सवयीनं हात पाण्याच्या बादलीकडं गेला, तो त्यानं मधेच माघारी घेतला आणि कोरड्या खडीत फावडं घातलं.