फणसे घराण्याचा लाल रुमाल

रमाकांतराव फणसे यांना गोंधळून जायची सवय नव्हती. रिफायनरीत बत्तीस वर्षं त्यांनी दाब आणि तापमान मोजणाऱ्या यंत्रांची देखभाल केली. काटा ठरल्या आकड्याच्या पुढे गेला की झडप बंद, मागे आला की उघडी. त्यात 'पण' नाही, 'कदाचित' नाही. घरीही तोच खाक्या. बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या त्यांच्या बैठ्या टेनामेंटमध्ये पाण्याची मोटर किती वाजता लावायची इथपासून मुलानं कुठल्या शाखेला जायचं इथपर्यंतचे निकाल ते एका वाक्यात देत आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालत. असा माणूस गेल्या आश्विनात चहाचा कप हातात धरून तो पूर्ण गार होईपर्यंत भिंतीकडे बघत बसू लागला, तेव्हा त्यांच्या पत्नी कमलाताईंनी आधी त्यांचा रक्तदाब तपासून घेतला. रक्तदाब चोख होता.

बिघाड होता तो देवघराखालच्या कपाटात, लाल खादीत बांधलेल्या एका गाठोड्यात. जुनी माणसं कागदपत्रांच्या अशा गाठोड्याला रुमाल म्हणतात. फणशांकडे हा रुमाल सात-आठ पिढ्या होता. दरवर्षी खंडेनवमीला तो पाटावर यायचा, त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल, शेजारी रमाकांतरावांचे रिफायनरीतले पाने आणि मुलगा अविनाश याचा लॅपटॉप. आरती झाली की रुमाल पुन्हा कपाटात. उघडायचा मात्र नाही, असा घराण्याचा दंडक. दंडक नसता तरी काही बिघडलं नसतं म्हणा, कारण आतला मजकूर मोडी लिपीत, आणि मोडी वाचणारे शेवटचे फणसे म्हणजे रमाकांतरावांचे पणजोबा.

आत काय आहे हे मात्र घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मूळपुरुष गणपतराव फणसे हे तापीकाठच्या जंगलपट्टीतल्या कणेरगड नावाच्या एवढ्याशा संस्थानाचे कारभारी. पावणेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. राजा अचानक वारला आणि त्याची राणी गोजराबाई राज्याचा शिक्का पदरात बांधून सुरतेला पळाली. पाच वर्षांच्या मुलाला, मालोजीला मागे टाकून. कारभाऱ्यांनी पोराला स्वतःच्या पंक्तीला बसवून वाढवला, राजा केला. राणी वीस वर्षं सुरतेत परमुलखी राहिली आणि तिथेच मेली. बातमी आली तेव्हा मालोजीराजांनी आईच्या नावानं डोक्यावरून पाणीसुद्धा घेतलं नाही, हे फणशांकडे फार अभिमानानं सांगत. पुढे कणेरगड बुडालं, फणसे बडोद्याच्या दरबारात कारकुनीला लागले, आणि या सगळ्या निष्ठेचा पुरावा म्हणजे तो लाल रुमाल. घरातली एखादी बाई माहेरी दोन दिवस जास्त राहिली तरी सासू म्हणायची, आली का आमची गोजराबाई.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये फणशांच्या घरात खरीखुरी गोजराबाई निघाली, असं कमलाताईंचं मत. सून योगिनी औषधांच्या संशोधनातली. तिला जर्मनीत, हॅम्बुर्गला दोन वर्षांचं काम मिळालं. अविनाशनं जवळच्या गोरव्यातला कारखाना सोडून जायला साफ नकार दिला. दोघांचं कडाक्याचं वाजलं. नऊ वर्षांच्या सानवीला डिसेंबरात घेऊन जाईन असं सांगून योगिनी गेली, आणि अविनाशनं तिचे फोन घेणं बंद केलं. सानवीकडे फोन नव्हता. म्हणून योगिनी पोरीसाठीचे निरोप आपल्या आवाजात सासऱ्यांच्या फोनवर पाठवू लागली.

पहिल्या आठवड्यात रमाकांतरावांनी ते ऐकवलेही. सानवी रडली, जेवली नाही, शाळेत उलटी झाली. रमाकांतरावांनी काटा बघितला आणि झडप बंद केली. पोर जरा सावरू दे, मग ऐकवू. योगिनीला लिहिलं, 'सानवीची परीक्षा चालू आहे, सध्या अभ्यासात आहे.' हळूहळू सानवी जेवू लागली, आईचं नाव घेईनाशी झाली, आणि रमाकांतरावांना आपला निर्णय बरोबर ठरल्याचं समाधान वाटलं. निरोप येत राहिले. ऑक्टोबरपर्यंत तेवीस.

आता मोडीचं. निवृत्तीनंतर माणसं योगासनांना जातात, रमाकांतराव दांडिया बाजारात मोडीच्या वर्गाला गेले. सगळा वर्ग म्हणजे अकरा म्हातारे आणि एक पीएच.डी. करणारी मुलगी. मोडीतली अक्षरं शाळेतून सुटलेल्या पोरींसारखी एकमेकींचा हात धरून चालतात. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला याचा पत्ता लागत नाही. पण रमाकांतराव चिकट माणूस. दीड वर्षात ते बऱ्यापैकी वाचू लागले. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, गणपतरावांच्या मोठेपणाचे दाखले एकदाचे लिहून काढावेत म्हणून त्यांनी दंडक मोडला.

"अहो, कशाला त्या भानगडीत पडता?" कमलाताई म्हणाल्या. "आजवर कोणी सोडला नाही तो."

"आजवर कोणाला वाचता येत नव्हतं," रमाकांतराव म्हणाले आणि त्यांनी गाठ सोडली.

आत सनद नव्हती, शिफारसपत्र नव्हतं. आत घड्या घातलेली पत्रं होती, एकेचाळीस. बहुतेकांवरचे लाखेचे ठिपके शाबूत होते. रमाकांतरावांनी मोजून पाहिलं, पुन्हा मोजून पाहिलं. मग सुरी गरम करून एक ठिपका अलगद उचलला. तेवढं वाचायला त्यांना अख्खी दुपार लागली.

'चिरंजीव मालोजीस गोजराईचे अनेक आशीर्वाद. उपरी. तुझे दात पडू लागले असतील. पडला दात कौलावर टाकणे, भलतीकडे न टाकणे. वीज कडाडली म्हणजे तू माझे पदरात शिरत होतास, हल्ली कोणाचे पदरात शिरतोस ते लिहिणे. कारभारी लिहितात की तू अभ्यासात आहेस. अभ्यास झाला म्हणजे दोन ओळी लिहिणे.'

रमाकांतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मजकूर बदलला नाही. मुलाला टाकून गेलेली बाई मुलाला पत्रं लिहीत होती, आणि ती पत्रं मुलापर्यंत पोचलीच नव्हती. ती फणशांकडे होती. वर्षानुवर्षं त्यांना झेंडू वाहून झाला होता.

रमाकांतरावांना भयंकर राग आला, पण कोणाचा ते ठरेना. आधी गणपतरावांचा आला. थोर पुरुष म्हणून ज्यांच्या नावानं मुंजीत पहिली अक्षता पडायची, ते गृहस्थ परक्याची पत्रं दाबून बसले होते. ठीक, मग राणी निर्दोष आणि कारभारी लबाड. एका वाक्यात निकाल लागला आणि त्यांना जरा बरं वाटलं. ते फक्त तिसऱ्या दिवसापर्यंत टिकलं. तिसऱ्या दिवशी सातवं पत्र उघडलं. त्यात गोजराबाईनं स्वच्छ लिहिलं होतं की शिक्का आपल्यापाशीच आहे, देणार नाही, आणि सुरतेच्या फौजदारानं शब्द दिला आहे, दिवाळी सरली की दोनशे स्वार घेऊन कणेरगडावर येते, तू घाबरू नकोस.

म्हणजे शिक्का तिनं खरंच नेला होता. आणि ती फौज आणणार होती, पोर आत असताना.

"चांगली बाई होती की वाईट?" त्यांनी कमलाताईंना विचारलं.

"मला काय विचारता? मी शाक चिरतेय."

"दात कौलावर टाक म्हणते आणि त्याच कौलावर घोडेस्वार घालायला निघते. याचा अर्थ काय लावायचा?"

कमलाताईंना अर्थाचं काही पडलं नव्हतं. पण त्या रात्रीची भाजी जरा खारट झाली, हेही खरं.

रमाकांतराव मोडीच्या सरांकडे गेले. सर म्हणाले, फणसेसाहेब, राजकारण आहे, नवरा मेल्यावर भाऊबंदांनी तिला विष घातलं असतं, म्हणून ती पळाली असेल, किंवा खरंच लोभी असेल, किंवा दोन्ही. हे 'किंवा' रमाकांतरावांना मानवणारं नव्हतं. रिफायनरीत कोणी असं उत्तर दिलं असतं तर त्याला त्यांनी पाळीवरून घरी पाठवलं असतं. परत येताना रिक्षावाल्याला त्यांनी सुभानपुऱ्याऐवजी चुकून गोत्री सांगितलं आणि गोत्रीच्या चौकात उतरून बराच वेळ उभे राहिले.

घरी आल्यावर रुमालाच्या तळाशी त्यांना एक कागद सापडला. अक्षर निराळं, बारीक आणि नेटकं. गणपतरावांचं. कोणाला लिहिलेला नव्हता. स्वतःपुरती नोंद करून ठेवावी तसा होता.

'बाईंची दोन पत्रे मुलास वाचून दाखविली. मूल रडते, अन्न घेत नाही, ताप भरला. तिसरे ठेविले आहे. रडणे राहिले म्हणजे सर्व देऊ.'

रमाकांतराव कागद हातात धरून पाटावर बसून राहिले. लबाड माणूस असं लिहीत नाही, हे त्यांना कळलं. हा माणूस पोराच्या उशाशी बसलेला होता. त्यानं कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. त्यानं वाईट काहीच ठरवलं नव्हतं, फक्त आजचं उद्यावर ढकललं होतं, आणि असं करत पत्रं एकेचाळीस झाली होती. 'मूल अभ्यासात आहे' असं सुरतेला कळवलंही होतं. हे शब्द आपण कुठे वाचले हे त्यांना आठवावं लागलं नाही. त्यांनीच ते जुलैत योगिनीला लिहिले होते, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा लिहिले होते. त्यांना आपल्या मूळपुरुषाची इतकी दया आली आणि इतकी लाज वाटली, की दोन्हींपैकी आधी काय आलं हे त्यांना सांगता आलं नसतं.

त्यांनी कमलाताईंना बोलावलं आणि दोन्ही कागद वाचून दाखवले, दाताचा आणि हा. कमलाताई ओल्या हातानं दारात उभ्या राहून ऐकत होत्या. सूनबाईवरचा त्यांचा राग काही गेला नव्हता. पोरीला सोडून जाणं त्यांच्या बुद्धीला पटत नव्हतं आणि ते त्या कोणापासून लपवतही नव्हत्या. पण ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही राणीचं बघता, कारभाऱ्याचं बघता. त्या पोराला काय वाटलं असेल हो?"

"कुठल्या?"

"मालोजीच्या. आई गेली तरी अंघोळ केली नाही म्हणून आपण त्याचं कौतुक करतो. तो बिचारा समजत असेल, त्या दोन पत्रांनंतर हिनं वीस वर्षांत मला साधी एक ओळ लिहिली नाही."

 खरं सांगायचं तर एवढं ऐकूनही रमाकांतरावांचा निश्चय झाला नाही. फोन दिला तर पोर पुन्हा जेवायचं सोडेल. अविनाश घर डोक्यावर घेईल. योगिनी उद्या सानवीला कायमची घेऊन जाईल आणि या घरात दोन म्हाताऱ्यांशिवाय आणि एका घुम्या मुलाशिवाय कोणी उरणार नाही, ही भीती त्यांनी आजवर स्वतःशीसुद्धा कबूल केली नव्हती. ती आता समोर येऊन बसली. गणपतरावांनाही हीच भीती असेल का? राजाला वाढवणारा माणूस राजा आईकडे गेला की कोण उरतो? योगिनी बरोबर की चूक, हेही त्यांना कळेना. पण ते कळेपर्यंत थांबायचं ठरवलं तर काय होतं, ते समोर लाल कापडात पडलेलं होतं.

शनिवारी सानवीची अर्धी शाळा असते. ती साडेबाराला आली, दप्तर फेकलं, "आजोबा, नास्त्यात काय छे?" असं तिच्या नेहमीच्या धेडगुजरीत विचारलं. रमाकांतरावांनी फोन तिच्या हातात दिला.

"आईचे निरोप आहेत. बरेच आहेत. वरून सुरुवात कर."

सानवीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं, आणि ती आतल्या खोलीत गेली. दार लावलं नाही. योगिनीचा आवाज बाहेर ऐकू येत होता. एका निरोपात ती कराट्याचा पिवळा पट्टा मिळाला का विचारत होती, एकात तिथल्या ट्राममध्ये कुत्रा तिकीट काढून बसतो असं काहीतरी सांगून स्वतःच हसत होती. एकात नुसती म्हणत होती, आजोबा म्हणतात परीक्षा आहे, नीट लिही, राणी. मग सानवीच्या रडण्याचा आवाज आला, मोठ्यानं, लहान होती तेव्हासारखा. कमलाताई उठल्या. रमाकांतरावांनी त्यांचा हात धरला आणि खाली बसवलं. तेवीस निरोप ऐकायला जवळजवळ पाऊण तास लागला.

सानवी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. फोन तिनं परत दिला नाही, छातीशी धरून ठेवला. ती आजीकडे गेली नाही. रमाकांतरावांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"मला वाटलं, आई मला विसरली," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं ना आजोबा, की नाही विसरली?"

तू अजून लहान आहेस, तुझ्या भल्यासाठी, तू आजारी पडली होतीस, अशी चार-पाच उत्तरं रमाकांतरावांच्या तोंडापर्यंत आली. सगळीच खरी होती.

"हो," ते म्हणाले. "माहीत होतं."