पत्रिकेवरचा मोर

छापखान्यात शाईचा ओला, कडवट वास भरून राहिला होता. मी माझ्या कामासाठी काउंटरपाशी उभी होते; बाजूला एक गृहस्थ लग्नपत्रिकांचे नमुने चाळत होते. शेजारी त्यांची मुलगी एका पत्रिकेवरच्या सोनेरी मोरावरून बोट फिरवत होती.

"नवरीचा जन्मदाखला?" मालकांनी विचारले.

"पत्रिका छापायचीय का शाळेत नाव घालायचंय?" गृहस्थ हसले.

"नवरीचं वय बघावं लागतं. दाखल्याशिवाय छापत नाही, दादा."

"मग राहू द्या. पत्रिकेवाचून काय लग्न अडतंय?"

"कितवीत गं तू?" मी मुलीला विचारले.

"नववीत," ती म्हणाली आणि तिने तो मोर जपून जागेवर ठेवला.

राज्यघटनेने तिला देऊ केलेले बालपण एका छापखानदाराच्या प्रश्नातून बोलले, म्हणून क्षणभर मला उजळल्यासारखे वाटले. पण कायदा काउंटरपाशीच राहिला आणि ती वडिलांमागून उन्हात निघून गेली. आता हे लग्न कोणत्याही कागदावर उमटणार नाही. माणसे अक्षता टाकतील, जेवतील आणि गप्प राहतील.

"गाव कोणतं त्यांचं? कुणाला तरी कळवायला हवं," मी मालकांना म्हणाले.

"सांगतो, ताई. पण माझं नाव येऊ देऊ नका," ते कुजबुजले.

मीही कुजबुजतच विचारले होते, हे मला तेव्हा जाणवले.