याडीले समजलेलं आयरिश गाणं

मैत्रिणींनो, आज दुपारचं सांगते. राळेगावजवळच्या आमच्या वावरात मी याडीसंगं, म्हणजे आईसंगं, कापूस वेचून राह्यली होती. मोबाईलवर एका आयरिश गायिकेचा अल्बम लावला होता. त्याच्याखाली कमेंटमध्ये कुठकुठल्या देशातले लोक लिहितात, की ऐकून घर आठवलं. मले शब्द अर्धेच समजतात, पण ऐकता ऐकता ऊनही मऊ लागते.

चौथ्या गाण्याले याडीचे हात थांबले.

"हे पोरगी सासरी चालली का वं?"

गाणं खरंच घर सोडून समुद्रापार जाणाऱ्या मुलीचं होतं. याडीले इंग्रजीचा एक शब्द येत नाही.

आमच्या बंजारा तांड्यात नवरी सासरी निघताना आईच्या गळ्यात पडून ढावलो, म्हणजे निरोपाचं गाणं, म्हणते, रडत रडत. मी कोर्टात लग्न केलं अन् तशीच निघून गेली. चार वर्षांत याडी त्यावर कधी बोलली नाही.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. त्या परक्या सुरावर तिनं ढावल्याची पहिली ओळ धरली अन् माह्याकडं पाहत थांबली.

मले येत नव्हता. एकेक ओळ तिनंच शिकवली. ओटीत कापूस तसाच होता.

तुमचं असं कोणतं गाणं म्हणायचं राहून गेलं?